देहू ते आळंदी : चालणाऱ्यांची वाट

पुण्याहून आळंदीस जाणाऱ्या रस्त्यावर, गाव जवळ आले म्हणजे 'देहू फाटा' नावाचा चौक लागतो. बसचे वाहक हे नाव दिवसातून कितीदा तरी पुकारतात आणि उतरणारे उतरतात. नावाचा विचार कोणी करीत नाही. फाटा म्हणजे मुख्य वाटेला फुटलेली दुसरी वाट. ही वाट पश्चिमेकडे वळते आणि डुडुळगाव, मोशी, चिखली, तळवडे अशी गावे घेत देहूस पोहोचते. अंतर वीस किलोमीटरच्या आतबाहेर. या गावांना आज गावे म्हणणे धाडसाचेच होईल. शेतांच्या जागी कारखान्यांचे पत्र्याचे छप्पर, भंगाराच्या वखारी आणि दहा-बारा मजली इमारती उभ्या आहेत. तरीही चौकाचे नाव टिकून आहे. त्या नावामागच्या वाटेचा इतिहास सांगावा, या हेतूने आम्ही लेखणी हाती घेतली आहे. तथापि तो सांगता सांगता आजच्या पादचाऱ्याविषयी बोलणे आम्हांस टाळता येणार नाही.

कॅथलिक नियतकालिकाच्या पानांत देहू-आळंदीची कथा कशासाठी, असे एखादा वाचक विचारील. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात आपली जी कुटुंबे राहतात, ती बहुतेक पोटापाण्यासाठी येथे आली. कोणी नगर जिल्ह्यातून, कोणी वसईहून, कोणी गोव्याहून, तर कोणी थेट केरळ-तामिळनाडूतून. कारखान्याच्या भोंग्याशी त्यांची ओळख झाली, पण ज्या मातीवर घर बांधले तिच्या पूर्वीच्या कथा त्यांना कोणी सांगितल्या नाहीत. शिवाय हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला पायी जाणाऱ्या आपल्या माणसांना पदयात्रा म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. लूकच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित प्रभू दोघा शिष्यांना भेटतो तोही यरुशलेम ते अम्माऊस या जेमतेम अकरा किलोमीटरच्या पायवाटेवरच.

ज्ञानेश्वरांनी आळंदीस समाधी घेतली ती १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीस. तुकारामांचे देहूतील जीवन त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी संपले, १६५० साली. (तुकारामांचे जन्मसाल १६०८ धरले, तर फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' राशोलला १६१६ साली छापून निघाले तेव्हा ते आठ वर्षांचे होते. एकीकडे गोव्यात आणि दुसरीकडे इंद्रायणीकाठी मराठी भाषा एकाच काळात किती निरनिराळी कामे करीत होती, हे पाहून आम्हांस नेहमी मौज वाटते.) दोन संतांमध्ये काळाचे एवढे अंतर असूनही वारकऱ्याच्या तोंडी 'ज्ञानबा-तुकाराम' हे जणू एकच नाव झाले. या जोडणीत देहू-आळंदी वाटेचा वाटा मोठा आहे, असे आमचे मत आहे.

परंपरेत या वाटेवरून निरोप चालत आलेले दिसतात. वाघोलीच्या रामेश्वर भटांनी तुकारामांच्या वह्या इंद्रायणीत बुडविण्यास भाग पाडले, ही कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तिचा पुढचा भाग मात्र थोडे जण सांगतात. अनगडशाह नावाच्या एका फकिराच्या शापाने रामेश्वरांच्या अंगाचा दाह सुरू झाला आणि ते आळंदीस जाऊन बसले. तुकारामांनी देहूहून त्यांना एक अभंग लिहून पाठविला आणि तो वाचून दाह शमला. दुसरी एक कथा उलट दिशेची आहे. ज्ञानप्राप्तीसाठी आळंदीस धरणे धरून बसलेल्या एका ब्राह्मणाला ज्ञानेश्वरांनी स्वप्नात सांगितले की, देहूस तुकारामांकडे जा. या कथांतला इतिहास किती आणि श्रद्धा किती, याचा निवाडा विद्वानांनी करावा. आम्हांस त्यांत एवढे दिसते की, सांगणाऱ्यांच्या मनात ही दोन गावे एकमेकांच्या पायी पोहोचण्याच्या अंतरावर होती. सकाळी निघालेला माणूस दिवस मावळण्यापूर्वी पोहोचावा आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन परतावा, असे ते अंतर.

वाटेला नियमित रूप आले ते तुकारामांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांच्यामुळे. वडील गेले तेव्हा ते आईच्या पोटात होते, असे परंपरा सांगते. पंढरीची पायी वारी त्यांच्या पुष्कळ आधीपासून चालत होती. नारायण महाराजांनी १६८५ साली त्या वारीला पालखीची जोड दिली. तुकारामांच्या पादुका पालखीत ठेवून ते देहूहून आळंदीस येत, तेथे ज्ञानेश्वरांच्या पादुका घेत आणि दोन्ही पादुका एकाच पालखीत पंढरपुरास जात. म्हणजे आज लाखो माणसे ज्या सोहळ्यात चालतात, त्याचा पहिला टप्पा देहू ते आळंदी हा होता. जवळजवळ दीडशे वर्षे हा क्रम चालला. पुढे तुकारामांच्या वंशजांत मानापानाचे वाद झाले. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी चाकरी केलेले, मूळचे साताऱ्याकडील आरफळचे हैबतबाबा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आळंदीहून ज्ञानेश्वरांची पालखी स्वतंत्रपणे नेण्यास आरंभ केला. बेळगावकडील अंकलीच्या शितोळे सरदारांनी तंबू व घोडे पुरविले. अंकलीचे घोडे अजूनही त्या सोहळ्यासाठी येतात. तेव्हापासून देहूची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघून अनगडशाहबाबांच्या दर्ग्यापाशी पहिला विसावा घेते व आकुर्डीमार्गे पुण्यास जाते. आळंदीची पालखी अष्टमीला निघून थोरल्या पादुका व दिघीमार्गे पुण्यास जाते. ज्या फकिराच्या शापाची कथा वर सांगितली, त्याच्याच दारी तुकारामांच्या पालखीची आरती व्हावी, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पालख्या वेगळ्या झाल्या तरी मधली वाट ओस पडली नाही. कार्तिक वद्य एकादशीस आळंदीची यात्रा भरते, फाल्गुन वद्य द्वितीयेस देहूस तुकाराम बीज असते. आळंदीस आलेला वारकरी देहूचे दर्शन घेतल्यावाचून सहसा परतत नाही.

या चालण्याची रीत थोडी तपशिलाने पाहण्यासारखी आहे. पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. तेथे पोहोचण्यास अठरा ते वीस दिवस लागतात. हिशेब केला तर दिवसाला बारा-चौदा किलोमीटर पडतात. धडधाकट तरुण हे अंतर तीन तासांत कापील. मग दिवसभर का लागतो? कारण दिंडीत सत्तरीची म्हातारी असते, गुडघे गेलेला शेतकरी असतो, कडेवर मूल घेतलेली बाई असते. चाल त्यांची धरलेली असते. मुक्कामांच्या मध्ये विसावे ठरलेले आहेत, जेवणाच्या जागा ठरलेल्या आहेत. डोक्यावर तुळस घेतलेल्या बाईच्या जोडीने पाण्याचा हंडा घेतलेली बाई चालते. तिचे काम तहानलेल्याला पाणी देणे. सामान पूर्वी बैलगाडीत असे, आता ट्रकमध्ये असते. चोपदाराने चोप उंचावला की हजारोंचा समुदाय थांबतो. नगररचनाकार ज्याला 'सर्वांसाठी सुगम' म्हणतात, ती गोष्ट या अशिक्षित म्हणविल्या गेलेल्या माणसांनी कागदावर न काढता अमलात आणली होती.

येथे एक सत्य झाकून ठेवणे बरे नव्हे. रस्ता सर्वांचा होता, पण सर्वांचा दर्जा सारखा नव्हता. इरावती कर्वे यांनी 'वाटचाल' या आपल्या प्रसिद्ध लेखात वारीतील आनंद जसा सांगितला, तशीच जातवार वेगळ्या चालणाऱ्या दिंड्या पाहून झालेली खंतही सांगितली. ज्या अस्पृश्य वारकऱ्यांनी शतकानुशतके पंढरीची वाट तुडविली, त्यांना विठ्ठलाच्या मंदिरात पाऊल ठेवता यावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. ख्रिस्तसभेतही जातीच्या भिंती पुरत्या पडल्या आहेत, असे छातीवर हात ठेवून आपण म्हणू शकत नाही. म्हणून या बाबतीत दुसऱ्यांकडे बोट दाखविण्याचा आमचा मुळीच उद्देश नाही. आपल्यापैकी एकाचा उल्लेख मात्र करावासा वाटतो. गी देलरी या फ्रेंच येशूसंघीय धर्मगुरूंनी पुण्यास राहून मराठीचा अभ्यास केला, वारीत स्वतः पायी चालले आणि तुकारामांचे निवडक अभंग १९५६ साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केले. त्यांचा 'द कल्ट ऑफ विठोबा' हा ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६० साली प्रकाशित केला. सेमिनरीच्या दिवसांत तो आमच्या हाती आला आणि देहूस जाण्याची पहिली ओढ त्यामुळेच लागली.

आता चाकांचा इतिहास. पालखीचे दोन वाटांनी जाणे सुरू झाले, साधारण त्याच सुमारास, १८३० साली, गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. मुंबई आणि पुणे चाकांनी जोडली गेली. १८५८ साली खंडाळा ते पुणे लोहमार्ग सुरू झाला. पुढे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली पिंपरीस उभा राहिला आणि त्यामागून लहानमोठ्या कारखान्यांची रांग लागली. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. तळवडे, चिखली, मोशी, डुडुळगाव ही गावे १९९७ साली तिच्या हद्दीत आली. इंद्रायणीपलीकडे चाकणला मोटारींचे कारखाने आले. या साऱ्या वाढीचे दोन मोठे कणे म्हणजे मुंबईचा रस्ता आणि नाशिकचा रस्ता. दोन्ही पुण्याकडून बाहेर जाणारे. देहू-आळंदीची वाट मात्र त्यांना आडवी, नदीच्या अंगाने जाणारी. त्यामुळे घडले असे की, पुण्याकडे जाणाऱ्याची सोय झाली आणि एका गावाहून शेजारच्या गावी जाणाऱ्याला मधला हमरस्ता ओलांडण्याचे संकट आले. मोशीस ही जुनी वाट नाशिक रस्त्याला छेद देते. चाकणला माल नेणारे कंटेनर तेथून अहोरात्र धावत असतात.

गेल्या कार्तिकीनंतर आमच्या धर्मग्रामातील काही तरुण आणि आम्ही ही वाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललो. आमच्याबरोबर एक सद्गृहस्थ होते. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे ते कुबडीच्या आधाराने चालतात, आणि याच पट्ट्यातील एका कारखान्यात त्यांनी पंचवीस वर्षे हजेरीच्या टेबलावर काम केले आहे. त्यांनी पूर्ण अंतर चालावे असा आग्रह नव्हता. जेथे थकतील तेथे रिक्षा करावयाची असे ठरले होते. देहूतून निघताना पदपथ होता. पुढे तो एका दुकानाच्या पायरीत शिरला आणि नाहीसा झाला. तळवड्याच्या बाजूला पुन्हा दिसला, तो एवढा उंच की कुबडीवाल्याला चढता येईना. चढल्यावर मध्येच विजेची पेटी, तिच्यापुढे उभ्या केलेल्या दुचाक्या, त्यांच्यापुढे गटाराचे निघालेले झाकण. सद्गृहस्थ खाली उतरून रस्त्याच्या कडेने चालू लागले. "फादर, मी रोज असाच जातो. वर चढायचं विसरलोच होतो," असे ते सहज बोलून गेले. त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, आणि तेच आम्हांस अधिक लागले.

ते थकून थांबले नाहीत. मोशीच्या चौकात थांबले. सिग्नलचा हिरवा दिवा कुबडीच्या चालीला पुरणारा नव्हता. तरुणांपैकी दोघांनी हात वर करून वाहने थोपविली तेव्हा आम्ही पलीकडे गेलो. तेथून त्यांनी रिक्षा केली आणि देहू फाट्यावर ते चहा घेत आमची वाट पाहत बसलेले आढळले.

याच शहरात ज्येष्ठाच्या वद्यपक्षात काय होते, ते आम्ही दरवर्षी पाहतो. पालख्यांच्या मार्गावर वाहने वळविली जातात. खड्डे बुजविले जातात, राडारोडा उचलला जातो, पाण्याचे टँकर आणि फिरती स्वच्छतागृहे उभी राहतात, वैद्यकीय पथके बसतात. शाळा मुक्कामासाठी उघडल्या जातात. सर्व धर्मांचे लोक पाणी, फळे, राजगिऱ्याचे लाडू वाटतात. आपल्या लोकांनीही त्यात हात लावलेला आहे. त्या दोन-तीन दिवसांत मुंबई रस्त्यावर मधोमध म्हातारे चालतात आणि त्यांना कोणी भोंगा वाजवीत नाही. म्हणजे चालणाऱ्याला काय लागते, याचे ज्ञान या शहराला नाही असे म्हणता येत नाही. पैसे नाहीत, माणसे नाहीत, जागा नाही, ही नेहमीची उत्तरे त्या दिवसांत कोणाच्या तोंडी येत नाहीत. पालखी पुढे गेली की अडथळे हटविले जातात, आणि दुसऱ्या पाळीला निघालेला कामगार पुन्हा रस्त्याच्या कडेला, ट्रकच्या चाकालगत चालू लागतो.

पालखीमार्गांचे भाग्य अलीकडे उजळले आहे, हे खरे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही पालखीमार्गांच्या चौपदरीकरणाची कोनशिला बसली, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र मार्ग योजला आहे. अशी तरतूद राष्ट्रीय महामार्गावर व्हावी ही स्तुत्य गोष्ट होय. परंतु ज्ञानेश्वर पालखीमार्गाचे ते काम दिवेघाटापासून धरलेले आहे आणि तुकाराम पालखीमार्गाचे पाटसपासून. दोन्ही ठिकाणे पुणे शहराच्या पलीकडची. जेथे माणसे सर्वांत दाट राहतात आणि वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस चालतात, तो देहू-आळंदीकडचा भाग त्या योजनेच्या बाहेर राहिला.

कायद्याकडे पाहिले तर उणीव नाही. अपंगांसाठीचा कायदा १९९५ साली झाला. त्याची जागा घेणारा, अधिक व्यापक असा कायदा २०१६ साली. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ साली सुधारून काढलेल्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक सूचनांत पदपथाची चालण्यासाठी मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी, त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, उताराचे प्रमाण बारास एक असावे, असे स्पष्ट दिले आहे. बारास एक म्हणजे एक वीत चढण्यासाठी बारा विती लांबीचा उतार. चाकाच्या खुर्चीवर बसलेला माणूस तो आपल्या हातांच्या बळावर चढू शकतो. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क हा घटनेच्या २१व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग मानला आणि ते पदपथ अपंगांना वापरता येतील असेच असावेत, हेही सांगितले. त्यानंतर महिनाभरात, १५ जून २०२५ रोजी, देहूच्या वरच्या अंगाला कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळून चौघांचा मृत्यू झाला. तीन दिवसांनी देहूहून पालखीचे प्रस्थान होते. त्या पुलावरून गावकरी वर्षानुवर्षे नदी ओलांडत आले होते.

ज्या वाटेचा इतिहास आम्ही सांगत आहोत ती आज तीन कारभारांत विभागली आहे. देहूस आता नगरपंचायत आहे, आळंदीस नगरपरिषद, आणि मधला मोठा भाग महानगरपालिकेचा. पदपथ हद्दीशी संपतो आणि पुढच्या हद्दीत सुरू होईलच असे नाही. पायाखालची हद्द चालणाऱ्याला दिसत नाही. पदपथ संपला की ती कळते.

स्पेन देशातील सांतियागो द कोंपोस्तेला या प्रेषित याकोबाच्या तीर्थस्थानाकडे जाणारी वाट आज जगप्रसिद्ध आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास ती जवळजवळ विस्मरणात गेली होती. ओ सेब्रेइरो या डोंगरातल्या लहानशा गावी एलियास वालिन्या नावाचे धर्मगुरू होते. वाटेच्या इतिहासावर त्यांनी प्रबंध लिहिला, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १९८४ साली पिवळ्या रंगाचे डबे घेऊन ते निघाले आणि चौकाचौकांत, झाडांवर, दगडांवर दिशा दाखविणारे बाण रंगवीत गेले. १९८९ साली ते वारले. १९९३ साली युनेस्कोने ती वाट जागतिक वारशात घेतली. त्यांचे पिवळे बाण आजही तेथे रंगविले जातात. ही हकिगत वाचली तेव्हा इतिहासाच्या अभ्यासाला डब्यातल्या रंगाची जोड देणाऱ्या त्या धर्मगुरूंचा आम्हांस हेवा वाटला. येथे बाण रंगविण्याची गरज नाही, कारण देहूची दिशा सर्वांना ठाऊक आहे. येथे मोजण्याची गरज आहे.

म्हणून आमच्या तरुणांनी शिंप्याकडची नव्हे, गवंड्याकडची लांब टेप आणली. शनिवारी दुपारी दोन-दोनच्या जोडीने ते निघतात. पदपथाची मोकळी रुंदी, काठाची उंची, उतार आहे की नाही, मध्ये काय आडवे येते, बसथांब्यावर टेकावयास जागा आहे काय, असे एका वहीत लिहून घेतात. ज्यांनी मोशीपासून रिक्षा केली, ते सद्गृहस्थ वहीत नोंदी करण्याचे काम पाहतात. पंचवीस वर्षे हजेरी लिहिलेला त्यांचा हात अक्षरालाही नेटका आहे. देहू ते तळवडे हा टप्पा पूर्ण झाला आहे आणि त्याची प्रत संबंधित कचेरीत दिली असून पोच घेतली आहे. तळवडे ते चिखली अर्धा झाला. मोशीचा चौक अजून मोजावयाचा आहे. त्यासाठी वाहतूक कमी असलेली रविवारची पहाट निवडावी लागेल, आणि आमची पहिली मिस्सा सात वाजता असते, तेव्हा मुलांना पाच वाजता निघावे लागणार.